पैशानं मतदानाचा टक्का वाढतो का?

प्रश्न : तंजावरला गेलो असताना कळलं, की 2016 साली पैसेवाटपामुळे तिथली निवडणूक रद्द झाली होती. पैसे वाटले की मतदान वाढतं, असं आपण ऐकतो. मग तिथं पुढे मतदान किती झालं? आणि शहरातली माणसं मतदानाला आळशीच असतात का?

उत्तर : आपण ऐकलंत ते खरं आहे. 16 मे 2016 रोजी तमिळनाडूत विधानसभेसाठी मतदान झालं, पण तंजावर आणि करूर जिल्ह्यातलं अरवकुरिची या दोन जागा मागे ठेवल्या गेल्या. मतदारांना पैसे आणि वस्तू वाटल्याचे पुरावे मिळाल्यावर निवडणूक आयोगानं आधी तारीख दोनदा पुढे ढकलली आणि शेवटी निवडणूकच रद्द केली. नव्यानं मतदान झालं 19 नोव्हेंबरला.

त्याच्या अकराच दिवस आधी नोटाबंदी जाहीर झाली होती.

आता आकडे पाहा. तंजावरला सुमारे 69 टक्के मतदान झालं, अरवकुरिचीत सुमारे 82. दोन्हीकडे निवडणूक एकाच कारणासाठी रद्द झालेली, मतदान एकाच दिवशी, नोटांची चणचणही सारखीच. तरी फरक तेरा टक्क्यांचा. पैशाचा काहीच परिणाम होत नाही, असं यावरून म्हणता येणार नाही; पण टक्का पैशावर ठरतो हे मात्र टिकत नाही. शिवाय मत गुप्त असतं आणि पाकीट एकाहून अधिक पक्षांकडून येऊ शकतं. पैसे घेतलेला माणूस केंद्रावर येईलच किंवा देणाऱ्यालाच मत देईल, याची हमी कोणाकडेच नसते.

मग फरक कशाचा? मोठं कारण असं, की तंजावरचा मतदारसंघ बहुतांश शहरी आहे आणि अरवकुरिची बहुतांश ग्रामीण. खेड्यात केंद्र जवळ असतं, केंद्रावरची माणसं ओळखीची असतात आणि कोण आलं नाही हे संध्याकाळपर्यंत गावाला कळतं. आपल्याकडेही तेच दिसतं. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूरला सुमारे 72 टक्के मतदान झालं आणि दक्षिण मुंबईत सुमारे 50. तमिळनाडूत त्याच वर्षी धर्मपुरीत 81, तर मध्य चेन्नईत 54.

पण यावरून शहरी माणसाला आळशी ठरवणं मला पटत नाही. टक्केवारी काढताना झालेल्या मतांना यादीतल्या नावांनी भागतात, प्रत्यक्ष राहणाऱ्या माणसांनी नाही. वर्ग सोडून गेलेल्या मुलांची नावं हजेरीपटात राहिली, तर वर्ग कायम अर्धा रिकामाच दिसणार. समजा, यादीत 1000 नावं आहेत आणि त्यांतली 120 माणसं गाव सोडून गेलेली किंवा वारलेली आहेत. 690 जणांनी मत दिलं, तर कागदावर 69 टक्के दिसतात. खऱ्या हिशेबानं ते 78 होतात. घर बदलणं शहरात जास्त, म्हणून यादीची ही सूजही शहरात जास्त. तंजावरची जुनी मराठी घराणीच घ्या. 1855 मध्ये भोसल्यांची गादी संपली आणि पुढच्या पिढ्यांतले कितीतरी जण नोकरीसाठी चेन्नई-बंगळूरला गेले. असं कुटुंब हललं, पण नाव जुन्याच गल्लीत राहिलं, तर ते प्रत्येक निवडणुकीत गैरहजर मोजलं जातं.

कमी मतदानासाठी ऊन हे कारणही नेहमी पुढे केलं जातं. पण तंजावर लोकसभा मतदारसंघात 2019 च्या भर एप्रिलमध्ये सुमारे 72 टक्के मतदान झालं, म्हणजे नोव्हेंबरमधल्या त्या विधानसभेच्या मतदानापेक्षा जास्त. लोकसभेच्या मतदारसंघात पट्टुकोट्टै, ओरत्तनाडु, पेरावूरणी यांसारख्या भागांतली खेडी येतात, हे त्यामागचं एक कारण. दुसरं असं, की सार्वत्रिक निवडणुकीत सारं राज्य एकदम मतदान करतं. बाहेरगावी कामाला असलेल्यांना गावी जाता यावं म्हणून तमिळनाडूत जादा बस सुटतात. पोटनिवडणुकीसारख्या तुटक मतदानाला हा ओघ नसतो. 2024 च्या एप्रिलमध्ये मात्र तिथला टक्का सुमारे 68 वर आला. मतदारसंघ तोच, महिनाही तोच. म्हणजे उन्हावर बोट ठेवून भागत नाही.

तेव्हा टक्का घसरल्याची बातमी वाचली, की यादी किती शुद्ध होती हे आधी विचारावं. आपण स्वतः घर बदललं असेल तर नमुना 8 भरा; घरातलं कोणी वारलं असेल तर त्यांचं नाव कमी करण्यासाठी नमुना 7 भरा. अडचण आली तर 1950 या क्रमांकावर विचारता येतं.