दुसरा क्लास घेताना: काय करावे, काय टाळावे

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये दोन क्लास एका पात्रात कसे बांधावेत, यावर सल्ल्याला तोटा नाही. अडचण एवढीच, की बहुतेक सल्ला विसाव्या लेव्हलकडे डोळे लावून दिलेला असतो. दोंडाईच्यातला गट विसाव्या लेव्हलला पोचणार कधी? निम्मे खेळाडू शिकायला पुण्यात नाहीतर नाशिकला, एखादा सुरतेला नोकरीला. सगळे एका गच्चीवर जमतात ते दिवाळीत, मग थेट मे महिन्यात. तिसऱ्या लेव्हलला सुरू झालेली कथा सातव्या-आठव्यापर्यंत गेली, तरी गंगेत घोडं न्हालं म्हणायचं. अशा टेबलावर मल्टिक्लासिंगचा एकच हिशेब खरा: येत्या सुटीत हे पात्र काय करणार आहे?

खालचे नियम २०१४च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. २०२४च्या सुधारित पुस्तकात जिथे फरक पडतो, तिथे तसे सांगितले आहे.

शीट भरण्याआधी

करावे: डीएमला विचारावे. २०१४च्या प्लेअर्स हँडबुकात मल्टिक्लासिंग हा ऐच्छिक नियम आहे. डीएम नाही म्हणाला की विषय संपला. २०२४मध्ये ‘ऐच्छिक’ हा शिक्का गेला, पण टेबलावर शेवटचा शब्द अजूनही डीएमचाच.

करावे: कथा कुठल्या लेव्हलपर्यंत न्यायचा विचार आहे, तेही त्याच वेळी विचारून घ्यावे. मग एका कागदावर प्रत्येक लेव्हलपुढे एकच वाक्य लिहावे: माझी पाळी आली की मी काय करणार. दोन लेव्हल लागोपाठ ‘मागच्यासारखेच’ असे उत्तर आले, तर ती जोडी कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी.

करावे: पात्रतेचे गुण मोजावेत. जो क्लास आहे त्याच्याही आणि जो घ्यायचा त्याच्याही मुख्य गुणात किमान १३ लागतात. फायटरला स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी, विझर्डला इंटेलिजन्स, क्लेरिक आणि ड्रुइडला विज्डम, बार्ड-सॉर्सरर-वॉरलॉकला कॅरिस्मा. पॅलाडिनला मात्र स्ट्रेंग्थ आणि कॅरिस्मा दोन्ही. मंक आणि रेंजरला डेक्स्टेरिटी आणि विज्डम दोन्ही.

टाळावे: मंक-विझर्ड. ठरलेले गुण १५, १४, १३, १२, १०, ८ असे वाटायचे असतील, तर वरचे तिन्ही आकडे नुसती पात्रता मिळवण्यातच संपतात. कॉन्स्टिट्यूशनला उरतात १२. पुढे उभे राहून मार खाण्याइतका जीव नाही आणि मागे उभे राहून डोके चालवण्याइतकी इंटेलिजन्स नाही.

टाळावे: पुस्तक नाही म्हणून ऐकीव नियमांवर खेळणे. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट उपलब्ध आहेत आणि मल्टिक्लासिंगचे प्रकरण त्यात आहे. मोबाइलवर उतरवून घ्यावे.

पाचव्या लेव्हलचा उंबरठा

सगळ्यात जास्त पात्रे इथेच फसतात, म्हणून इथे जरा थांबू.

पाचव्या लेव्हलला फायटर, बार्बेरियन, मंक, पॅलाडिन आणि रेंजर यांना एका पाळीत दोन वार मिळतात. विझर्ड आणि सॉर्सररला तिसऱ्या पातळीचे स्पेल उघडतात, म्हणजे फायरबॉल. अट अशी की पाचवी लेव्हल त्याच क्लासची हवी. दोन क्लासची बेरीज पाच चालत नाही.

थाळनेरच्या किल्ल्याखाली तापीच्या उतारावर दरोडेखोरांनी वाट अडवली आहे, असे समजू. एक खेळाडू फायटर ५. दुसरा फायटर ४ आणि रोग १ (रोग म्हणजे आजार नव्हे, चोरपावलांचा क्लास). दोघांच्या हाती रेपियर, दोघांची डेक्स्टेरिटी १८. पहिल्याचे दोन्ही वार बसले तर सरासरी १७चा घाव. दुसऱ्याचा एकच वार. स्नीक अटॅकचा फासा धरून सरासरी १२. तोही तेव्हाच, जेव्हा शत्रूच्या पाच फुटांत आपला माणूस उभा असतो किंवा आपल्याला अॅडव्हांटेज असतो. शिवाय पहिल्याचा एक वार चुकला तरी दुसरा हाताशी असतो.

करावे: लढणाऱ्या पात्राने पाच लेव्हल पुऱ्या कराव्यात, मग खुशाल वळावे. फायटर ५ नंतर रोग २ घेतले की कनिंग अॅक्शन मिळते आणि वार करून त्याच पाळीत निसटता येते. सातव्या लेव्हलला संपणाऱ्या कथेसाठी मला याहून चांगली जोडी माहीत नाही.

टाळावे: तिसऱ्या लेव्हललाच क्लास सोडणे. गुण वाढवण्याची किंवा फीट घेण्याची संधी एकूण लेव्हलवर येत नाही, प्रत्येक क्लासच्या चौथ्या लेव्हलला येते. तीन अधिक तीन असे पात्र सहाव्या लेव्हलला असूनही गुणांच्या बाबतीत पहिल्या दिवशी होते तिथेच असते.

टाळावे: फायटर ५ आणि रेंजर ५ करून तीन वार मिळतील अशी आशा. एक्स्ट्रा अटॅकची बेरीज होत नाही. बार्बेरियन आणि मंकच्या चिलखताविना संरक्षणाचेही तेच. पहिले मिळाले की दुसरे मिळत नाही.

आधी कोणता, मग कोणता

करावे: पहिली लेव्हल नीट निवडावी. सेव्हिंग थ्रोचे प्रावीण्य फक्त पहिल्या क्लासचे मिळते आणि पूर्ण हिट पॉइंटही फक्त पहिल्या लेव्हललाच. फायटरपासून सुरुवात करून विझर्ड झालात, तर जड चिलखत आणि कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह दोन्ही पदरात पडतात. मार खाऊनही कॉन्सन्ट्रेशन टिकते. उलट क्रमाने गेलात तर हलके आणि मध्यम चिलखत मिळते, ढाल मिळते, जड चिलखत मिळत नाही. रोगचेही असेच: पहिल्यापासून रोग असाल तर चार कौशल्ये, नंतर झालात तर एक.

टाळावे: तरीही हे फुकट समजणे. फायटरच्या त्या एका लेव्हलपायी फायरबॉल पाचव्याऐवजी सहाव्या लेव्हलला येतो. मेमध्ये येणार असलेला फायरबॉल दिवाळीत आला तर चालेल का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

स्लॉटची भानगड

कॉफी थंड होते, वाद मिटत नाही आणि कोपऱ्यातून कोणीतरी विचारतो, “आते मन्हा स्लॉट किती शेतस?” उत्तर देताना एक गोष्ट पक्की धरावी: स्लॉट सगळ्या क्लासचे मिळून मोजतात, स्पेल मात्र प्रत्येक क्लासचे वेगळे.

क्लेरिक ३ आणि विझर्ड ३ घ्या. स्लॉटच्या तक्त्यात हे पात्र सहाव्या ओळीवर बसते: पहिल्या पातळीचे ४, दुसऱ्याचे ३, तिसऱ्याचे ३. बघायला भरगच्च. पण क्लेरिक म्हणून ते तिसऱ्या लेव्हलचेच, विझर्ड म्हणूनही तिसऱ्याच, म्हणजे दोन्हीकडे स्पेल दुसऱ्या पातळीपर्यंत. तिसऱ्या पातळीच्या स्लॉटमध्ये घालायला त्या पातळीचा एकही स्पेल नाही. खालचेच स्पेल जोर लावून टाकायचे. शेजारचा सरळ विझर्ड ६ त्याच तीन स्लॉटांतून फायरबॉल फेकत असतो.

करावे: पॅलाडिन आणि रेंजरची लेव्हल अर्धी मोजावी. २०१४मध्ये अपूर्णांक खाली सोडतात, २०२४मध्ये वर घेतात. पॅलाडिन ५ आणि सॉर्सरर १ हे पात्र जुन्या पुस्तकात तक्त्याच्या तिसऱ्या ओळीवर, नव्यात चौथ्या. टेबलावर कुठले पुस्तक चालते, ते आधी ठरलेले बरे.

टाळावे: वॉरलॉकचे स्लॉट या बेरजेत धरणे. ते वेगळे असतात, छोट्या विश्रांतीनंतर परत येतात आणि वेगळ्या रकान्यात लिहायचे असतात.

करावे: कँट्रिपसाठी एखादी लेव्हल खर्चायला हरकत नाही. कँट्रिपचा जोर क्लासवर नाही, एकूण लेव्हलवर वाढतो. फायटर ४ आणि विझर्ड १ याचा फायर बोल्ट दोन दहाफाशांचा, अस्सल विझर्ड ५ इतकाच.

टाळावे: बार्बेरियन आणि विझर्ड. रेजमध्ये स्पेल टाकता येत नाही आणि आधी टाकलेल्यावर कॉन्सन्ट्रेशनही टिकत नाही. एका अंगाने दुसऱ्या अंगाचे तोंड दाबायचे, असला संसार.

वेगळे दार आहे का, ते पाहा

करावे: दुसरा क्लास घेण्याआधी आपल्याच क्लासचे सबक्लास वाचावेत. तलवारीबरोबर थोडी जादू हवी असेल तर फायटरचा एल्ड्रिच नाइट आहे, चोरीबरोबर हवी असेल तर रोगचा आर्केन ट्रिकस्टर. दोन्ही तिसऱ्या लेव्हलला मिळतात आणि पाचव्याचा उंबरठा चुकत नाही. नुसते दोन कँट्रिप आणि एक स्पेल हवा असेल तर मॅजिक इनिशिएट ही फीट पुरे. ‘मल्टिक्लास करायचंय’ म्हणून आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे काम इथेच भागते.

टाळावे: २०१४च्या पुस्तकातली एका लेव्हलची युक्ती २०२४मध्ये चालेल असे धरणे. जुन्यात क्लेरिक, सॉर्सरर आणि वॉरलॉक पहिल्याच लेव्हलला सबक्लास निवडत. नव्यात सगळ्यांचा सबक्लास तिसऱ्या लेव्हलला येतो, त्यामुळे एक लेव्हल चाखून पळण्यातली गोडी बरीच कमी झाली.

टाळावे: बाल्डर्स गेट ३ची सवय टेबलावर आणणे. २०२३चा तो व्हिडिओ गेम खेळून नवी पोरे या छंदात आली, हे उत्तमच. पण तिथे दुसऱ्या क्लाससाठी १३ गुणांची अट नाही आणि शंभर सुवर्णनाणी मोजली की सगळे पात्र नव्याने बांधता येते. टेबलावर अशी सोय नसते.

टाळावे: त्याहून जुन्या पुस्तकांतले नियम मिसळणे. १९७४च्या पहिल्या खेळात एल्फ एका मोहिमेत योद्धा, दुसऱ्या मोहिमेत जादूगार होऊ शकत असे. १९७८च्या पुस्तकात दोन क्लास एकदम चालवण्याची मुभा फक्त मानवेतरांना होती आणि अनुभवाचे गुण दोन्हीकडे सारखे वाटले जात. माणसाला क्लास बदलायचा तर जुन्या क्लासच्या मुख्य गुणात १५ आणि नव्याच्या गुणात १७ लागत. दर लेव्हलला हवा तो क्लास घ्यायची मोकळीक २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने दिली. वाचायला गंमत आहे. भांडणात पुरावा म्हणून आणू नये.

कथेत बसवताना

करावे: दुसऱ्या क्लासला कारण द्यावे, आणि ते इथल्या मातीतले असले तर दुधात साखर. खानदेशचा इतिहास त्यासाठी पुरून उरतो. खाज्या नाईक इंग्रजांच्या चाकरीत सेंधवा घाटाच्या राखणीवर होते. १८५७च्या उठावात तेच सातपुड्यातल्या भिल्लांचे पुढारी झाले आणि एप्रिल १८५८मध्ये आंबापाणीची लढाई झाली. ज्या वाटा राखल्या, त्याच वाटांचे ज्ञान पुढे लढायला कामी आले. फायटर ५ नंतर रेंजर घेणाऱ्या पात्राला याहून सरस पूर्वकथा कुठे मिळणार? प्रवास उलट दिशेनेही होतो: जेम्स आउट्रमने १८२५मध्ये खानदेश भिल्ल कोअर उभी केली, तेव्हा कालची बंडखोर माणसे शिपाई झाली. खरी नावे मात्र पात्राला देऊ नयेत. वळण घ्यावे, माणूस घेऊ नये.

टाळावे: सातपुड्यातला भगत म्हणजे आपला ड्रुइड, असे सरळ चिकटवणे. शिरपूर-शहाद्याच्या वरच्या अंगाला भिल्ल आणि पावरा गावांत भगत आजही आहेत; लोक त्यांच्याकडे जातात, त्यांचा मान ठेवतात. पिसे आणि मुखवटा घालून विचित्र बोलणारे पात्र रंगवले की गच्चीवर हशा पिकतो, पण त्याच गच्चीवर त्या गावचा मित्र बसलेला असू शकतो.

करावे: बदलाची चाहूल आधीच्या खेळात द्यावी. पॅलाडिन व्हायचे असेल तर सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात कुणाला तरी शब्द द्यावा आणि पुढच्या बैठकीत तो पाळावा. एवढे पुरते. चार पानी आत्मचरित्र वाचून दाखवू नये.

टाळावे: दुसऱ्याच्या ताटातला घास. गटात एक रोग असताना दुसऱ्याने कुलपे उघडण्यापुरता रोग घेतला, की पहिल्याच्या वाट्याला काही उरत नाही. आधी त्याला विचारावे. गटात क्लेरिकच नसेल, तर एखाद्याने क्लेरिकची एक लेव्हल घेणे मात्र पुण्यकर्म.

डीएमसाठी दोनच गोष्टी

करावे: पात्र फसले असे खेळाडूला वाटले, तर एकदा मोडून बांधू द्यावे. वर्षातून दोनदा जमणाऱ्या गटात कुणाला चुकीच्या लेव्हलची शिक्षा सहा महिने भोगायला लावण्यात काय हशील?

करावे: शीटवर नुसते ‘लेव्हल ७’ लिहू देऊ नये. ‘फायटर ५, रोग २’ असे लिहून घ्यावे, हिट डाइस वेगवेगळे लिहावेत, प्रत्येक स्पेलपुढे तो कुठल्या क्लासचा ते नोंदवावे. प्रोफिशियन्सी बोनस एकूण लेव्हलवरून काढावा, म्हणजे सातव्याला +३. मग शीटचा फोटो काढून गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकावा. मूळ कागद हॉस्टेलच्या कपाटात राहणार, हे गृहीत धरूनच चालावे.