तिने वैद्यांवर काय खर्च केले?

शास्त्रपाठ : मार्क ५:२१-४३, लूक ८:४३-४८, लूक २१:१-४



रक्तस्रावी स्त्रीच्या वृत्तांतावर आपण पुष्कळ संदेश ऐकले आहेत. तिचा विश्वास, वस्त्राला केलेला स्पर्श, प्रभूने ‘मुली’ म्हणून मारलेली हाक, हे सर्व परिचयाचे आहे. परंतु मार्काने तिच्या आजाराबरोबर तिचा खर्चही नोंदविला आहे. बारा वर्षांत पुष्कळ वैद्य झाले, जवळचे सारे संपले आणि दुखणे बळावले. (लूक दुखणे बळावल्याचे सांगत नाही. परंपरेने तो वैद्य. व्यवसायबंधूंची भीड पडली असावी!)

लूकाने येथे ‘बिओस’ हा ग्रीक शब्द योजला आहे. काही प्राचीन हस्तलिखितांत हा वाक्यांश नाही, बहुतेकांत आहे. ‘बिओस’ म्हणजे जीवन, तसेच ज्यावर जीवन चालते ती उपजीविका. गरीब विधवेच्या दोन टोल्यांविषयी लिहिताना लूक हाच शब्द वापरतो. विधवेने आपली उपजीविका देवाला वाहिली. या स्त्रीची औषधपाण्यात गेली. भाषांतरात तेथे नुसते ‘पैसे’ लिहून भागत नाही.

अशा खर्चाचे मोजमाप करणारे शास्त्र म्हणजे आरोग्य-अर्थशास्त्र. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार भारतातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्के झाला.

कर्नाटकात २०१० साली वाजपेयी आरोग्यश्री योजनेने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना हृदयविकार, कर्करोग अशा मोठ्या आजारांवर रुग्णालयात विनामूल्य उपचार देऊ केले. आरंभी ती राज्याच्या उत्तर भागातच होती. त्यामुळे योजनेतील गावे आणि लगतची योजनेबाहेरची गावे यांची तुलना करता आली. संशोधकांत बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे अर्णब मुखर्जीही होते. २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : योजनेतील गरीब कुटुंबांत त्या आजारांनी होणारे मृत्यू ६४ टक्क्यांनी कमी होते. रोग तेच होते. बिल कोणी भरायचे आणि खेड्यातला रुग्ण कोणी शोधायचा, एवढे बदलले.

तरीही ती स्त्री अशा योजनेत बसली असती काय? तिचा पैसा एका शस्त्रक्रियेत गेला नव्हता. तो वर्षानुवर्षे झिरपत गेला. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजनाही मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या तीत येत नाहीत. बंगळूरच्या ज्या के. आर. पुरम भागात मी राहतो, तेथे बांधकामावर मजुरी करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळाल्या, तरी रांगेत दिवसाची मजुरी बुडते. ही बुडालेली मजुरी कोणत्याच बिलावर येत नाही.

प्रभू तेव्हा याईराच्या घरी निघाला होता. याईर सभास्थानाचा अधिकारी, त्याची विनंती आधीची, आणि मुलगी मरणाच्या दारी. तरीही प्रभू वाटेत थांबला, आणि जिच्याजवळ काहीच उरले नव्हते तिचे सर्व बोलणे त्याने ऐकून घेतले.

आपल्या मंडळीत आजाऱ्यांसाठी प्रार्थनेची यादी असते. येत्या रविवारपूर्वी तीतील प्रत्येक घरी विचारावे : औषधाला महिन्याला किती लागते, ते कोण भरते, आणि दवाखान्यात सोबत कोण जाते?