थंडरबोल्टनं संगणक जोडताना

पुण्यातल्या आमच्या संकलन-खोलीत माहितीपटांचं चित्रीकरण येतं ते टेराबाइटच्या हिशेबात. साध्या गिगाबिट इथरनेटवर सेकंदाला जेमतेम ११० मेगाबाइट जातात, म्हणजे एक टेराबाइट हलवायला अडीच तास. थंडरबोल्ट ३ ची केबल थेट दोन संगणकांत लावली आणि डिस्कही तितक्याच वेगवान असल्या, तर हे काम अर्ध्या तासाच्या आत उरकतं. मॅकमध्ये ही सोय २०१३ पासून आहे, लिनक्समध्ये २०१८ पासून. ती जरूर वापरा. पण मुळात ही केबल टेबलावरच्या डिस्क आणि मॉनिटरसाठी बनलेली आहे, हे विसरलं की त्रास सुरू होतो.

एकदा सकाळी काम पाठवायचं होतं आणि रात्री दोन संगणकांची जोडणीच दिसेना. सेटिंग तपासून झाली, संगणक बंद-चालू करून झाले. निघालं असं, की फोनच्या चार्जरबरोबर आलेली केबल लावली गेली होती. तोंड तेच, टाइप-सी. आत मात्र यूएसबी २.० च्या तारा, ४८० मेगाबिटच्या. म्हणून विजेचं चिन्ह आणि आकडा पाहूनच केबल घ्या. दोन्ही टोकांना जुनं चौकोनी टाइप-ए तोंड असलेल्या साध्या केबलनं दोन संगणक कधीही जोडू नका. दोन्हीकडून ५ व्होल्ट येतात आणि पोर्ट जळू शकतो.

केबल बरोबर असली तरी फाइल तिच्यातूनच जाईल असं नाही. संगणक नावानं शोधला तर वाहतूक वाय-फायवरूनही होते, आणि आपण संथ वेगाचं खापर केबलवर फोडत बसतो. दोन्ही टोकांना राउटरपेक्षा वेगळ्या गटातले कायमचे पत्ते द्या, उदाहरणार्थ १०.१०.१०.१ आणि १०.१०.१०.२, आणि फोल्डर त्या पत्त्यानंच उघडा.

सगळ्यात कमी बोललं जातं ते अर्थिंगबद्दल, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. इथरनेटच्या पोर्टात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे दोन यंत्रांची वीज एकमेकांपासून अलग राहते. थंडरबोल्टच्या तांब्याच्या केबलमध्ये तसं काही नसतं. दोन्ही संगणकांचं ग्राउंड थेट एक होतं. आमचा एक संगणक शेजारच्या खोलीतल्या एक्स्टेंशन बोर्डावर होता. केबल लावताच स्पीकरमधून गुणगुण सुरू झाली, धातूच्या कडेला हात लागला की झिणझिण्या. इलेक्ट्रिशियननं बोर्ड उघडला तर अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. जुन्या इमारतीत असं सर्रास सापडतं. दोन्ही संगणक एकाच, अर्थिंग तपासलेल्या बोर्डावर असल्याशिवाय ही केबल लावू नका.

तीन संगणक माळेसारखे जोडण्याचा मोह होतो. मधला झोपी गेला की टोकाच्या दोघांचा संबंध तुटतो, आणि अर्धवट गेलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागते. शिवाय पूर्ण वेगाची तांब्याची केबल साधारण दोन मीटरपर्यंतच मिळते. भिंतीपलीकडे जायचं तर दहा गिगाबिटची इथरनेट कार्डं, त्याच वेगाचा स्विच आणि कॅट ६ए वायर घ्या. ती १०० मीटरपर्यंत चालते. खर्च वाढतो, पण तीन-चार जण एकाच साठ्यावर काम करत असतील तर मी दुसरं काही सुचवणार नाही. फक्त वायर भिंतीतून ओढून घेताना एखादी जादा टाकून ठेवा. भिंत पुन्हा फोडणं वायरीपेक्षा महाग पडतं.