वृद्धांची विषण्णता, औषधे आणि रक्तातील सोडियम

तेरेखोलच्या मुखाशी वसलेल्या केरीसारख्या गावात एखादी आजी जेवेनाशी झाली, रात्र रात्र जागू लागली, की "वय झाले" एवढेच निदान घरात केले जाते. वास्तविक ही विषण्णता असू शकते व तिच्यावर उपचार आहेत. गोव्यात पार पडलेल्या व २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या 'मानस' प्रयोगात, प्रशिक्षित समुपदेशक आणि गरजेनुसार डॉक्टरांनी दिलेली गोळी यांचा सरकारी आरोग्य केंद्रांतील रुग्णांना चांगला उपयोग झाल्याचे आढळून आले.

तथापि, फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम यांसारख्या गोळ्यांमुळे काही वृद्धांच्या रक्तातील सोडियम घटते. निरोगी माणसात ते दर लिटरला १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट असते. या औषधांमुळे लघवी रोखणाऱ्या संप्रेरकाचा प्रभाव वाढतो, मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात आणि त्या पाण्यात सोडियम विरळ होते. जेथे आगरवाड्याची मिठागरे आहेत, त्या पेडण्यातील माणसाच्या रक्तात मिठाचा अंश उणा पडावा, हे चमत्कारिक वाटेल. परंतु येथे बहुधा मीठ कमी झालेले नसते, पाणी अधिक झालेले असते. म्हणून मीठपाणी पाजण्याचा घरगुती उपाय करू नये.

खरी अडचण लक्षणांची आहे. डोकेदुखी, मळमळ, सुस्ती, चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे ही चिन्हे विषण्णता बळावल्यासारखी किंवा म्हातारचळासारखी दिसतात. घरची माणसे गोळी लागू पडत नाही असे समजतात. दरम्यान रुग्ण न्हाणीघरात पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. सोडियम फारच उतरले, तर झटके येऊन शुद्ध हरपते.

पासष्टी ओलांडलेल्या, विशेषतः कृश स्त्रियांना, तसेच रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी थायझाइड जातीची गोळी घेणाऱ्यांना हा धोका अधिक. तो बहुतांशी पहिल्या दोन ते चार आठवड्यांत उद्भवतो. यास्तव अशा रुग्णाची रक्ततपासणी औषध सुरू करण्यापूर्वी व त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी करून घेणे इष्ट. सोडियम घटल्यास डॉक्टर औषध बदलतात. मिर्टाझापिनने हा धोका तुलनेने कमी संभवतो.

डॉक्टरांकडे जाताना रुग्ण घेत असलेली सर्व औषधे, रक्तदाबाची गोळीसुद्धा, सोबत न्यावीत. गोळी परस्पर बंद करू नये; एकाएकी सोडल्याने घेरी व अस्वस्थता येते आणि मूळ आजार उलटतो. रुग्ण भ्रमिष्टासारखा बोलू लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे, आणि झटका आल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.