संगणकातल्या वहीची दुसरी प्रत कुठे आहे?



मागच्या मार्चमध्ये ऑडिटच्या आठ दिवस आधी आपल्या प्रभागसंघाचा संगणक सुरूच होईना. लाईट सारखी ये-जा करत होती, त्यात हार्डडिस्क गेली. मी निवांत होते, कारण पेनड्राइव्हवर कॉपी होती. उघडून बघते तर ती दिवाळीच्या आधीची! चार महिन्यांचे हप्ते आपण समूहांच्या कागदी वह्या मागवून पुन्हा भरले, रात्री जागून. एका ताईने फेडलेले दोन हप्ते तर फक्त तिच्या पासबुकावरून सापडले. ते पासबुक तिने जपून ठेवलं नसतं तर तिच्या नावावर थकबाकी दिसली असती.

चूक माझी होती. “आठवण झाली की कॉपी करू” म्हटलं की आठवण होतच नाही. म्हणून हे काम आपोआप करणारं सॉफ्टवेअर हवं. पण कुठलं?

आधी एक फरक समजून घ्या, कारण इथेच फसगत होते. सिंक म्हणजे दोन ठिकाणची फोल्डरं कायम सारखी ठेवणं. इथे फाईल बदलली की तिथेही बदलते. आणि इथे चुकून पुसली की तिथूनही जाते! बॅकअप म्हणजे जुनी प्रत वेगळी जपून ठेवणं. समजा, कुणी एक्सेलमध्ये चुकीचा रकाना पुसला आणि सेव्ह केलं, तर सिंक ती चूकच इमानेइतबारे पुढे पोचवतो. आपल्याला कालची फाईल हवी असते. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न विचारायचा: जुनी प्रत परत मिळते का?

विंडोजमध्येच ‘फाईल हिस्टरी’ नावाची सोय आहे, पैसे लागत नाहीत. बाहेरची हार्डडिस्क जोडून ती एकदा चालू केली की दर तासाला बदललेल्या फाईलींची प्रत घेते, जुन्याही ठेवते. मात्र ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स अशीच फोल्डरं आपणहून घेते. आपल्यातल्या बऱ्याच जणी सगळं डी ड्राइव्हला ठेवतात, ते तिच्यात येत नाही. तेव्हा हिशोबाचं फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये हलवा.

‘फ्रीफाईलसिंक’ हेही वैयक्तिक वापरासाठी फुकट आहे. त्यात ‘मिरर’, ‘टू वे’ आणि ‘अपडेट’ असे प्रकार येतात. आपल्यासाठी ‘अपडेट’ बरा, त्यात इथे पुसलेली फाईल तिथून पुसली जात नाही. जुन्या प्रती ठेवायला ‘व्हर्जनिंग’ निवडावं लागतं. वेळ लावून देणं जरा किचकट आहे, गावातल्या एखाद्या जाणत्या पोरीला बसवा.

पण हार्डडिस्क संगणकाशेजारीच असेल तर चोरी, आग, पाणी दोन्ही एकदमच नेणार. म्हणून एक प्रत कार्यालयाबाहेर हवीच. त्यासाठी गुगल ड्राइव्हचं संगणकावरचं ॲप चालतं. १५ जीबी जागा मोफत आहे, मात्र जीमेल आणि फोटोही त्यातच मोजतात. आपल्या एक्सेल फाईलींना ती पुष्कळ झाली, बैठकांचे व्हिडिओ तिथे टाकू नका. पुसलेली फाईल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, नंतर जाते. नेट गेलं तर काम थांबत नाही, नेट आलं की राहिलेलं वर चढतं.

खातं मात्र प्रभागसंघाच्या नावाचं काढा, माझ्या किंवा लेखापालताईंच्या नको. आम्ही उद्या बदलून गेलो तर? पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्षताईंच्या कपाटात ठेवा. फोल्डरमध्ये बायांची आधार आणि बँकेची कागदं असतात, त्यामुळे ‘लिंक असेल त्या कुणालाही दिसेल’ ही सेटिंग कधीच लावायची नाही.

आपण दोन्ही ठेवले आहेत: फाईल हिस्टरी आणि ड्राइव्ह. हार्डडिस्कचा खर्च बैठकीत मंजूर करून घेतला, तेव्हा “एवढ्याशा डबीला एवढे पैसे?” असं विचारणाऱ्या मावशीच आता दर महिन्याला तपासायला बसतात. तपासायचं असं: बॅकअपमधली कुठलीही एक फाईल उघडायची आणि मागच्या महिन्याची एका समूहाची बचत कागदी वहीशी जुळवायची. फाईल उघडली नाही तर त्याच दिवशी मला फोन करा. आणि कागदी वह्या बंद करू नका हं!