‘घरी पडला’ म्हणे!

माझ्या केसपेपरवर लिहिलंय, ‘घरी पाय घसरून पडला.’ घरी! मी पडलो चाकणच्या कारखान्यात, केबल ट्रे बसवताना, बारा फुटी ॲल्युमिनियमच्या शिडीवरून. शिडीचा एक रबरी बूट पार झिजलाय, हे सुपरवायझरच्या कानावर घातलं होतं. ‘आजचा दिवस काढ रे.’ शिडी धरायला हेल्पर होता, त्यालाही टेम्पो खाली करायला यानेच हाक मारून नेलं. गुळगुळीत फरशीवर शिडी सरकली आणि मी उभाच्या उभा टाचांवर आदळलो.

दवाखान्यात हाच सुपरवायझर पुढे पुढे. वाटलं, माणूस बरा आहे. मी कण्हत पडलेलो, डॉक्टरांना हकिगत त्यानेच सांगितली. पुढे ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, ‘घरी पडलात ना? मग कामावरची दुखापत कशी?’ तळपायाची आग मस्तकात गेली. कामावरची दुखापत असेल तर रोजंदारीच्या 90 टक्के, कामावर परत जाता येईपर्यंत. साधं आजारपण ठरलं तर 70 टक्के, तेही वर्षात 91 दिवसच. एवढा फरक त्या एका ओळीने पडतो. कंत्राटदाराला फोन केला, तर म्हणतो, ‘अरे, फळं पाठवली होती ना?’

तेव्हा शुद्धीवर असाल तर हकिगत स्वतः सांगा: कुठे, किती वाजता, कशावरून. नाहीतर घरचं माणूस येईपर्यंत सोबत्यांनी कुणाला काही लिहू देऊ नये. अपघात वहीत नोंद झाली की त्या पानाचा फोटो काढून घ्या. शिडीचा त्याआधी, माझी शिडी दुसऱ्या दिवशी भंगारात गेली होती. टाचांवर पडलात तर कमरेचाही एक्स-रे मागा. धक्का वर कण्यात चढतो; माझा मणका दबलाय, हे फार उशिरा कळलं. ‘तू नवीन, तुला काही मिळणार नाही’ असं कंत्राटदार म्हणेल. खोटं आहे. कामावरच्या दुखापतीचा हक्क पहिल्या दिवसापासून असतो.

बाकी चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, विजेजवळ धातूची शिडी नको, घाई नको, हे सगळं पोस्टरवर असतंच. आमच्याकडेही होतं. 4 मार्चच्या सुरक्षा दिनाला शपथ याच सुपरवायझरने दिली होती.