डाळ का शिजेना?

मुलांनो, शनिशिंगणापूर हे नाव तुम्ही ऐकले असेलच. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात हे गाव आहे. अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना वाटेत घोडेगाव लागते. तेथून आत वळले, की थोड्या अंतरावर शिंगणापूर येते. परंपरेने येथील घरांना दारे आणि कुलपे नसतात, म्हणून या गावाची कीर्ती दूरवर पसरली. पण आज मी तुम्हांला दारांची नाही, पाण्याची गोष्ट सांगणार आहे.

माझ्या आपाचे लग्न या भागातील एका वस्तीवर झाले. आम्ही अहिल्यानगर शहरात वाढलो. शहराला मुळा धरणाचे पाणी मिळते. त्या पाण्यात अम्मीची तूरडाळ कुकरच्या तीन शिट्ट्यांत मऊ होत असे. सासरी मात्र आपाच्या सात-आठ शिट्ट्या झाल्या, तरी डाळ पाण्यात टणक दाण्यांसारखी वेगळी राही. वरणाचे पाणी वर आणि डाळ खाली! पहिले दोन-चार दिवस कोणी काही बोलले नाही. मग शेजारणी हसू लागल्या. "शहरातली शिकलेली मुलगी, पण साधी डाळ शिजवता येत नाही," हे वाक्य आपाच्या कानांवर येऊ लागले. सुटीत मी तिच्याकडे गेले, तेव्हा ती चुलीपुढे बसून रडत होती.

मी त्या वेळी बी.एड. करत होते. तिच्या घरात मी सहज इकडेतिकडे पाहिले. अंघोळीच्या बंबाच्या तोटीभोवती पांढरा थर साचला होता. स्टीलच्या पेल्यांवर पाणी वाळून डाग पडले होते. साबण हातावर कितीही घासला, तरी फेस येईना. उलट बादलीच्या काठाला राखाडी, चिकट साय धरत होती. डाळीचा दोष आपाच्या हातांत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात आले.

अशा पाण्याला विज्ञानाच्या पुस्तकात 'दुष्फेन पाणी' म्हणतात. फेन म्हणजे फेस. आपण घरी ज्याला झाग म्हणतो, तोच. ज्या पाण्यात साबणाचा फेस सहज होत नाही, ते दुष्फेन आणि ज्यात सहज होतो, ते सुफेन. खेड्यांत लोक 'जड पाणी' किंवा 'खारे पाणी' असेही म्हणतात. विज्ञानात 'जड पाणी' हे नाव एका वेगळ्याच पाण्याला दिलेले आहे, म्हणून परीक्षेत दुष्फेन हाच शब्द लिहा. खारे म्हणणेही पूर्ण बरोबर नाही. दुष्फेन पाणी पुष्कळदा चवीला खारट लागतही नाही.

हे पाणी असे का होते? पावसाचे पाणी सुफेन असते. ते जमिनीत मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड वायू त्यात मिसळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होते. आपल्या जिल्ह्याखाली काळा बेसाल्ट खडक आहे आणि काळ्या मातीत जागोजागी चुनखडीचे खडे सापडतात. किंचित आंबट झालेले हे पाणी खडकाच्या फटींतून हळूहळू झिरपते आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार आपल्याबरोबर घेते. पाणी जितके जास्त काळ खडकात राहील, तितके क्षार जास्त. धरणात मुख्यतः वाहून आलेले पावसाचे पाणी साठते, म्हणून ते बोअरच्या पाण्यापेक्षा बरेच सुफेन असते. या तालुक्यात मुळेचा उजवा कालवा आला, ऊस वाढला. उसाला दिलेल्या पाण्याची वाफ होऊन जाते, पण क्षार मागे राहतात आणि पुढच्या पाण्याबरोबर खाली उतरतात. जेथे सिंचन जास्त आणि निचरा कमी, तेथील विहिरींचे पाणी त्यामुळे अधिकच बिघडते.

आता डाळीकडे येऊ. डाळीच्या दाण्यातील पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. उकळत्या पाण्यात पेक्टिन विरघळले, की दाणा फुटतो. पाण्यातील कॅल्शियम या पेक्टिनला घट्ट धरून ठेवते. मग ते विरघळत नाही आणि दाणा टणकच राहतो. जळण मात्र दुप्पट लागते.

साबणाचेही असेच आहे. कॅल्शियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारी साय बनवते. सगळे कॅल्शियम संपल्यावरच फेस सुरू होतो. एका लिटर पाण्याची दुष्फेनता ३०० मिलिग्रॅम असेल, तर हिशोबाने दहा लिटरच्या एका बादलीत सुमारे १८ ग्रॅम साबण नुसता साय होऊन वाया जातो. साबणाच्या एका वडीवर किती ग्रॅम लिहिलेले असते, ते आजच घरी पाहा.

भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची दुष्फेनता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरे पाणी उपलब्धच नसेल, तर ६०० पर्यंत चालते. हे पाणी म्हणजे विष नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणासाठी दुष्फेनतेची मर्यादा ठरवलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला हवेच असतात. पण बोअरच्या पाण्यात नायट्रेटसारखे दुसरे घटकही असू शकतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि साबणानेही कळत नाहीत. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावे लागते.

मी आपाला एक युक्ती सुचवली. शहरातून दोन कॅन पाणी आणले. एका पातेल्यात ते आणि दुसऱ्यात बोअरचे पाणी घेतले. दोन्हींत सारखी डाळ टाकली, दोन्ही पातेली शेजारी शेजारी ठेवली आणि सासूबाईंना समोर बसवले. शहराच्या पाण्यातील डाळ मऊ झाली, तेव्हा दुसरीतील डाळ अजून बोटांनी दाबली जात नव्हती. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या जुन्या आडाच्या पाण्यात अशी डाळ राहत नव्हती. आड आटला आणि आम्ही बोअर पाडली, त्याच वर्षी ही सून घरात आली. मला वाटले, हिच्याच हातात काहीतरी आहे."

त्या दिवसापासून त्या घरात डाळीचे पाणी रात्री चांगले उकळून ठेवतात. सकाळी तळाशी पांढरा गाळ बसलेला असतो, वरचे पाणी अलगद ओतून घेतात. पाण्यातील बायकार्बोनेट क्षार उकळल्याने असे बाहेर पडतात. याला तात्पुरती दुष्फेनता म्हणतात. सल्फेट आणि क्लोराइड क्षार मात्र उकळून जात नाहीत. ती कायमची दुष्फेनता. कपड्यांसाठी त्यावर धुण्याचा सोडा उपयोगी पडतो. तो स्वयंपाकात चुकूनही टाकू नका! डाळ रात्रभर भिजवावी आणि चिंच शेवटी घालावी, कारण आंबट पदार्थानेही डाळ शिजायला वेळ लागतो. बंबाच्या तोटीला सिरका किंवा लिंबाचा रस लावला, तर बुडबुडे येऊन थर सुटतो.

पुष्कळ लोक तुरटी फिरवतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, दुष्फेनता जात नाही. आर.ओ. यंत्राने ती जाते, पण ते यंत्र बरेच पाणी बाहेर टाकते. पावसाळ्यातही टँकरची वाट पाहणाऱ्या भागात हे पाणी गटारात सोडणे मला पटत नाही. आपा ते फरशी पुसायला आणि संडासात वापरते.

आता तुम्ही एक प्रयोग करा. सारख्या आकाराच्या दोन बाटल्या घ्या. एकीत घरचे पाणी आणि दुसरीत पत्र्यावरून न घेता थेट आकाशातून भांड्यात पडलेले पावसाचे पाणी भरा. दोन्हींत साबणाच्या पाण्याचा एकेक थेंब टाका आणि हलवा. फेस टिकेपर्यंत थेंब मोजत जा. धुण्याची पावडर मात्र वापरू नका, कारण तिचा फेस दुष्फेन पाण्यातही होतो. नंतर घरचे पाणी उकळून, थंड करून पुन्हा थेंब मोजा. तुमचे आकडे आणि पाण्याची बाटली सोमवारी वर्गात घेऊन या. बाटलीवर पाणी विहिरीचे, बोअरचे की नळाचे, ते लिहायला विसरू नका.